जागल्यांचे संरक्षण : कायदा आणि कार्यालय

गावगाड्यात जागल्याला महत्त्वाचे स्थान होते. गाव झोपले असता गस्त घालावी व चोरटे दिसताच हाकाटी करून गावाला जागे करावे, हे त्याचे काम. कार्यालयात अथवा संस्थेत चाललेला गैरव्यवहार सद्‌हेतूने योग्य यंत्रणेच्या निदर्शनास आणून देणाऱ्या व्यक्तीसही मराठीत आता ‘जागल्या’ म्हटले जाते. फरक एवढाच की, जुन्या जागल्याच्या पाठीशी गाव असे. नव्या जागल्यास बहुधा एकट्यानेच उभे राहावे लागते. म्हणूनच त्याला कायद्याचे संरक्षण कितपत आहे आणि कार्यालयाने कोणता आधार द्यावयास हवा, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

एका पत्राचा प्रवास

सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता. झारखंडमधील कोडरमा येथे सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावर असताना त्यांना त्या कामात गंभीर गैरप्रकार आढळले. नोव्हेंबर २००२ मध्ये त्यांनी पंतप्रधान कार्यालयास पत्र लिहिले व आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. तथापि ते पत्र नावासह एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी बिहारमधील गया येथे दुबे यांची गोळ्या घालून हत्या झाली. तपास यंत्रणेने हा लूटमारीचा गुन्हा ठरविला आणि २०१० मध्ये पाटणा येथील न्यायालयाने तिघांना जन्मठेपेची शिक्षा दिली. पत्राचा व हत्येचा संबंध न्यायालयात शाबीत झाला नाही. परंतु ज्याने नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली, त्याचेच नाव फायलीबरोबर फिरले, ही गोष्ट साऱ्या देशाला अस्वस्थ करून गेली.

महाराष्ट्रालाही असे दुःख सोसावे लागले आहे. माहितीच्या अधिकाराचा वापर करून जमीन व्यवहारांतील गैरप्रकार उजेडात आणणारे कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथे हत्या झाली.

लखोट्याची पद्धत

दुबे प्रकरणानंतर केंद्र शासनाने २१ एप्रिल २००४ रोजी एक ठराव प्रसिद्ध केला व अशा तक्रारी स्वीकारण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविले. तक्रार बंद लखोट्यातून आयोगाच्या सचिवांकडे पाठवावयाची असते. ती जनहितार्थ प्रकटनाची असल्याचे लखोट्यावर स्पष्ट लिहावयाचे, मात्र तक्रारदाराचे नाव व पत्ता लखोट्यावर घालावयाचा नाही. तो आतील पत्रात द्यावयाचा. निनावी तक्रारींची या ठरावाखाली दखल घेतली जात नाही. तक्रारीचा मजकूरही असा असावा की, त्यावरून लिहिणाऱ्याची ओळख पटू नये. तीच तक्रार इतर अधिकाऱ्यांकडेही धाडल्यास या ठरावाचे संरक्षण मिळत नाही.

या ठरावाची कक्षा केंद्र शासन, त्याचे उपक्रम व त्याच्या नियंत्रणाखालील संस्था यांच्यापुरती आहे. राज्य शासनाचे कर्मचारी तीत येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

२०१४ चा अधिनियम

विधी आयोगाने २००१ मध्येच आपल्या १७९ व्या अहवालात स्वतंत्र कायद्याची शिफारस केली होती. संसदेने संमत केलेल्या जागल्या संरक्षण अधिनियमास ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. राज्यांतील लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींचीही त्यात तरतूद आहे. तक्रारदाराचे नाव उघड करणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारदाराचा छळ झाल्याची बाब पुढे आल्यास, आपली कारवाई छळाची नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी संबंधित प्राधिकरणावर टाकली आहे. उलटपक्षी, खोटी तक्रार जाणूनबुजून, कुहेतूने करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. मात्र हा अधिनियम अधिसूचना काढून अंमलात आणावयाचा होता आणि संमतीनंतर दहा वर्षे लोटली तरी तशी अधिसूचना निघाली नव्हती. ग्रंथात असलेला कायदा संकटातील माणसाच्या उपयोगी पडत नाही.

उपलब्ध असलेली साधने

तोवर इतर कायद्यांचा आश्रय घ्यावा लागतो. जागल्यावर पहिला आघात बहुधा बदलीच्या रूपाने होतो. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांविषयीच्या अधिनियमाने राज्य शासकीय कर्मचाऱ्याचा एका पदावरील सर्वसाधारण कालावधी ३ वर्षांचा ठरविला आहे. मुदतीपूर्वी बदली करावयाची झाल्यास कारणे लेखी नमूद करून वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. तसे न झाल्यास महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. खाजगी शाळांतील शिक्षकास बडतर्फी, सेवेतून कमी करणे किंवा पदावनती यांविरुद्ध १९७७ च्या अधिनियमानुसार ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. कंपन्यांच्या बाबतीत २०१३ च्या कंपनी अधिनियमाने, शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांना दक्षता यंत्रणा ठेवणे व तक्रारदाराचा छळ होऊ नये अशी व्यवस्था करणे बंधनकारक केले आहे.

कार्यालयाचे कर्तव्य

परंतु न्यायाधिकरणाची पायरी चढण्यापूर्वीच बरेच काही घडून गेलेले असते. नाव एकदा फुटले की ते परत झाकता येत नाही. ते फुटते कोठे? आवक-जावक नोंदवहीत, झेरॉक्स यंत्रापाशी, ‘खुलासा करावा’ असा शेरा मारून मूळ तक्रारच संबंधित अधिकाऱ्याकडे पाठविली जाते तेव्हा. म्हणून तक्रार हाती येताच नाव व पत्ता बाजूला काढून तो कुलुपात ठेवावा आणि चौकशीसाठी केवळ मुद्दे पाठवावेत. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्यालाच तक्रारदाराचा गोपनीय अहवाल लिहू देऊ नये. चौकशी चालू असता त्याची बदली अथवा निलंबन प्रस्तावित झाल्यास वरिष्ठांनी कारणांची विशेष छाननी करावी. सहकाऱ्यांनी त्याच्याशी बोलणे टाकू नये; हा बहिष्कार कोणत्याही नोंदवहीत येत नाही, पण माणसाला तोच आधी खचवितो. ग्रामपंचायतीत हिशेब विचारणाऱ्या ग्रामस्थास गावाचा वैरी न मानता त्याच्या प्रश्नाचे उत्तर ग्रामसभेत कागदपत्रांनिशी द्यावे.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी नव्या अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही. जागल्याच्या संरक्षणाचा आरंभ न्यायालयात होत नाही. ज्या मेजावर त्याचा लखोटा उघडला जातो, त्या मेजावर तो होतो.