रेषेजवळचा एक मीटर

बास्केटबॉलचा सामना तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. चेंडू मैदानाबाहेर गेला किंवा बास्केट झाली की एक खेळाडू रेषेबाहेर उभा राहून चेंडू आत टाकतो. याला थ्रो-इन म्हणतात. पाहणाऱ्यांना हा विश्रांतीचा क्षण वाटतो. पाणी प्यायचे, शेजाऱ्याशी बोलायचे ते याच वेळी! पण १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याचा निकाल अशाच एका थ्रो-इनने ठरला, आणि त्यावरचा वाद पन्नास वर्षे उलटून गेल्यावरही मिटलेला नाही.

अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ असा तो सामना होता. डग कॉलिन्सच्या दोन फ्री थ्रोंमुळे अमेरिका ५०–४९ अशी पुढे गेली, तेव्हा तीन सेकंद उरले होते. घड्याळाच्या घोळामुळे सोव्हिएत संघाला थ्रो-इन एकदा नव्हे तर तीनदा मिळाला. तिसऱ्या खेपेस इव्हान येदेश्को स्वतःच्या बास्केटखालच्या अंत्यरेषेबाहेर चेंडू घेऊन उभा राहिला. त्याच्यासमोर अमेरिकेचा टॉम मॅकमिलन होता. उंची सुमारे २.११ मीटर! पंच आर्तेनिक अराबाजियान यांनी हाताने काही खूण केली. ती आपल्याला मागे हटण्यासाठी आहे असे मॅकमिलनने मानले आणि तो मागे सरला. येदेश्कोने जवळजवळ संपूर्ण मैदान ओलांडणारा चेंडू फेकला, अलेक्सांद्र बेलोवने तो झेलून बास्केट केली आणि सामना ५१–५० असा संपला. मॅकमिलनला मागे हटवल्याचे अराबाजियान यांनी पुढे नाकारले.

खूण कशाची होती याचा निवाडा आपण करणार नाही. आपला प्रश्न भौतिकीचा आहे. बचाव करणारा खेळाडू एक-दीड मीटर मागे सरल्याने खरोखर किती फरक पडतो?

प्रथम आडव्या पातळीतला कोन पाहू. समजा, दोन्ही हात पसरल्यावर बचावपटूचा विस्तार २.१ मीटर होतो, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे १.०५ मीटर. तो फेकणाऱ्यापासून अर्ध्या मीटरवर असेल तर फेकणाऱ्यासमोरचा सुमारे १२९ अंशांचा कोन झाकला जातो. अंतर १ मीटर केले तर ९३ अंश आणि २ मीटर केले तर अवघे ५५ अंश. त्रिकोणमितीचे कोष्टक काढून ताडून पाहा. रेषेबाहेरच्या खेळाडूला आत टाकण्यासाठी एकूण १८० अंशच मिळतात. त्यांतले १२९ गेले तर उरले किती?

पण डोक्यावरून लांब फेकायच्या चेंडूचे काय? येथे उभ्या पातळीतला कोन महत्त्वाचा, आणि खरी गंमत त्यातच आहे. मॅकमिलनसारख्याने हात वर केले तर बोटे सुमारे २.७५ मीटर उंचीवर येतील असे धरू. फेकणाऱ्याच्या हातून चेंडू २.१ मीटर उंचीवर सुटतो. चेंडूची त्रिज्या १२ सेंटिमीटर. म्हणजे बोटांवरून जाण्यासाठी चेंडूचा मध्य ०.७७ मीटर वर चढला पाहिजे. बचावपटू अर्ध्या मीटरवर असेल तर चेंडू किमान ५७ अंशांनी फेकावा लागेल, १ मीटरवर असेल तर ३८ अंशांनी, २ मीटरवर असेल तर २१ अंशांनी पुरे. (या पहिल्या टप्प्यात चेंडूचा मार्ग सरळ धरला आहे. त्याने होणारी चूक काही सेंटिमीटरांची आहे.)

आता प्रक्षेप्याचे गणित लावू. फेक २४ मीटरांची आहे आणि चेंडू सुटला त्याच उंचीवर झेलला जातो असे मानू. हवेचा रोध सोडून देऊ. ५७ अंशांनी फेकलेला चेंडू २.७५ सेकंद हवेत राहतो, ३८ अंशांचा १.९४ सेकंद आणि २१ अंशांचा १.३७ सेकंद. पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवा. अंतर चौपट झाले आणि उड्डाणकाल बरोबर निम्मा झाला! हा योगायोग नाही. पल्ला प, चढ च, बचावपटूचे अंतर अ आणि गुरुत्व त्वरण ग घेतले, तर उड्डाणकाल

क = √(२ × प × च ÷ (ग × अ))

म्हणजे काल हा अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. अकरावीचे विद्यार्थी हे सूत्र दोन ओळींत काढू शकतील.

तेव्हा रेषेजवळ उभा असलेला उंच खेळाडू चेंडू अडवतोच असे नाही. तो चेंडूला उंच जायला लावतो आणि हवेत वेळ घालवायला लावतो. २.७५ आणि १.३७ यांत जवळजवळ १.४ सेकंदांचा फरक आहे. सेकंदाला ५ मीटर धावणारा बचावपटू तेवढ्यात ७ मीटर अंतर तोडून चेंडूखाली पोचेल. मात्र घड्याळाला या १.४ सेकंदांचे काहीच नसते. थ्रो-इनमध्ये सामन्याचे घड्याळ चेंडू सुटल्यावर नव्हे, तर मैदानातील खेळाडूचा त्याला स्पर्श झाल्यावर सुरू होते. येदेश्कोचा चेंडू मैदान ओलांडत असताना तीन सेकंद जसेच्या तसे शिल्लक होते.

मग नियम काय म्हणतो? आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, चेंडू रेषेपलीकडून आत येईपर्यंत बचावपटूच्या शरीराचा कोणताही भाग रेषेवरून बाहेर जाता कामा नये. रेषेवर काचेची एक उभी भिंत आहे अशी कल्पना करा. हात या भिंतीतून पलीकडे गेला की नियम मोडला. फेकणाऱ्याचे हात मात्र फेकताना चेंडूसह या भिंतीतून आत आले तरी चालतात, आणि तेव्हाही त्याच्या हातातील चेंडूला बचावपटूने हात लावायचा नाही. हे कलम पुष्कळ खेळाडूंना ठाऊक नसते. फेकणाऱ्यावरही बंधने आहेत. चेंडू हाती आल्यापासून ५ सेकंदांत तो सोडला पाहिजे, आणि नेमून दिलेल्या जागेपासून बाजूला एकूण १ मीटरपेक्षा जास्त सरकायचे नाही. बास्केट झाल्यानंतरच्या थ्रो-इनमध्ये मात्र अंत्यरेषेमागे कोठूनही चेंडू टाकता येतो.

बचावपटूने काचेच्या भिंतीपासून किती दूर राहावे? एरव्ही काहीच बंधन नाही, तो रेषेला चिकटून उभा राहू शकतो. रेषेमागे २ मीटरपेक्षा कमी मोकळी जागा असेल तरच त्याने फेकणाऱ्यापासून १ मीटर दूर राहायचे असते. हा भेद का केला? आपले सूत्र पाहा. फेकणाऱ्याला सरळ मागे हवे तितके जाण्याची मुभा आहे. मागे जागा असेल तर अंतर अ तो स्वतःच वाढवू शकतो. मागे भिंत असेल तर बिचारा करणार काय? म्हणून तेथे पंच त्याला मीटरभर अंतर मिळवून देतात.

येथे माझी एक चूक सांगतो. महाविद्यालयाच्या जिमखान्याचे काम माझ्याकडे असताना एका आंतरशालेय सामन्यात मी पंच होतो. प्रत्येक थ्रो-इनला समोरच्या मुलाला मी सवयीने हाताने मागे सारत होतो. एका मुलाने अखेर धीर करून विचारले, “सर, मी रेषा ओलांडली नाही, मग मागे का?” मी त्याला दटावले. त्या संध्याकाळी टेप घेऊन मैदान मोजले. एका अंत्यरेषेमागे कुंपणाची भिंत १.२ मीटरवर होती, दुसरीकडे मोकळे पटांगण. एका टोकाला माझे बरोबर होते. दुसऱ्या टोकाला मी त्या मुलाच्या संघाचा मीटर प्रत्येक वेळी दुसऱ्या संघाला देत होतो, आणि त्या मीटरची किंमत वर आकड्यांत मांडली आहेच. तो मुलगा नंतर भेटला नाही.

शालेय सामन्यांत पंचगिरी करणाऱ्या शिक्षकांनी म्हणून सामन्याआधी चारही बाजूंची मोकळी जागा टेपने मोजावी. पाच मिनिटांचे काम आहे. रेषेपलीकडे हात घालून अडथळा आणणाऱ्याला आधी ताकीद आणि पुन्हा केल्यास तांत्रिक फाउल द्यायचा असतो. चौथ्या भागाच्या शेवटच्या दोन मिनिटांत आणि जादा वेळेत तर चेंडू देण्यापूर्वीच पंच ठरावीक खुणेने इशारा देतात. मग रेषा ओलांडली की थेट तांत्रिक फाउल आणि एक फ्री थ्रो. खूण नेमकी ठरलेली असली म्हणजे ‘मागे हो’ आणि ‘रेषा ओलांडू नको’ यांत गल्लत होत नाही.

वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. भिंतीपासून १.२ मीटरवर खडूने रेषा आखा. उंच मित्राला रेषेपलीकडे हात वर करून उभे करा आणि त्याच्या बोटांवरून, मैदानाच्या मध्यावर उभ्या असलेल्या दुसऱ्या मित्राकडे चेंडू फेका. स्टॉपवॉचने उड्डाणकाल मोजा. हात उंचावलेला मित्र अर्ध्या मीटरवर, एक मीटरवर आणि दोन मीटरवर असताना दहा-दहा वाचने घेऊन सरासरी काढा. दोन मीटरचे वाचन घेताना तुमची पाठ भिंतीला लागेल आणि मित्राला रेषेपासून बरेच आत जावे लागेल. मिळालेला काल सूत्रातल्या कालाशी जुळत नसेल तर फरक हवेच्या रोधामुळे, झेलण्याच्या उंचीमुळे की तुमच्या बोटाच्या प्रतिक्रियेच्या वेळेमुळे पडला, ते शोधा. शेवटची एकटीच सुमारे ०.२ सेकंदांची असते.