हुकलेल्या शर्यतीनंतर

मुंबई मॅरेथॉन चार तासांच्या आत पूर्ण करायची, म्हणून पावसाळ्यापासून पुण्यात तयारी केली होती. शेवटच्या टप्प्यात, पेडर रोडच्या चढावर पोटऱ्यांत गोळे आले. उरलेलं अंतर चालत-पळत काटलं, तोवर चार तास केव्हाच उलटून गेले होते. गळ्यात मेडल पडलं तरी मन खट्टू होतं. पुन्हा उमेदीने पळायला लागताना जे उमगलं, ते इथे मांडते.

१. वाईट वाटू द्या, पण निर्णय पुढे ढकला.
४२.१९५ किलोमीटर पळाल्यावर स्नायू सावरायला दोन-तीन आठवडे सहज लागतात. ‘आता मॅरेथॉन बस’ हे बऱ्याचदा थकलेलं शरीर बोलत असतं. त्या दिवसांत चालावं, पोटभर जेवावं, झोपावं. पुढच्या वर्षीचं नंतर ठरवता येतं.

२. शर्यत पाच-पाच किलोमीटरने वाचा.
एकूण वेळ बघून नुसती हळहळ होते. काय करायला हवं ते स्प्लिट, म्हणजे दर टप्प्याच्या वेळा, सांगतात. पहिले दहा किलोमीटर ठरल्यापेक्षा वेगात गेले का? तिसाव्या किलोमीटरनंतर अंगातलं त्राणच गेलं, तर स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा आटला असण्याची शक्यता मोठी. मग लाँग रनमध्येच जेल घेण्याच्या वेळा बदलून बघा. हवा दमट असेल तर वेग मंदावणारच, तेही हिशेबात धरा. माझे चढापर्यंतचे सगळे स्प्लिट ठरल्याप्रमाणे होते. कमी पडल्या त्या पोटऱ्या. तेव्हापासून जिन्याच्या पायरीच्या कडेला एका पायाच्या चवड्यावर उभं राहायचं, टाच सावकाश खाली सोडायची आणि तितक्याच सावकाश वर उचलायची, हा व्यायाम सुरू केला. निराशेला असं नेमकं काम दिलं की तिचा जोर ओसरतो.

३. एका निकालावरून स्वतःला जोखू नका.
बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने टोकियो ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८:१८.१२ असा राष्ट्रीय विक्रम केला, तरी त्याची अंतिम फेरी हुकली. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८:११.२० वेळ देत रौप्यपदक मिळवलं. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो पहिल्याच फेरीत बाद झाला आणि १ ऑक्टोबरला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला. अपयशानंतर इतक्या लवकर उभं राहता येतं, ते वर्षानुवर्षं मुरलेल्या सरावामुळे. एका खराब सकाळीने तो सराव पुसला जात नाही. आपलंही तसंच आहे.

४. पुढचं ध्येय वेगळ्या जातीचं निवडा.
महिन्याभरात दुसरी मॅरेथॉन गाठून वेळ ‘वसूल’ करायचा मोह होतो. तो आवरा. आधी एखादी दहा किलोमीटरची शर्यत घ्या, नाहीतर साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन. यवतेश्वरच्या घाटात सपाट रस्त्यावरच्या वेळेशी तुलना करण्यात अर्थच नसतो, त्यामुळे लक्ष आपोआप चढ, श्वास आणि पावलांकडे वळतं.

५. माणसांत परत जा.
रविवारच्या ग्रुपमध्ये ‘कशी झाली मॅरेथॉन?’ असं विचारतीलच. ‘चढावर गोळे आले, पण पूर्ण केली’ एवढं सांगावं आणि पळायला लागावं. पहिल्या हाफची तयारी करणाऱ्या कुणाला तरी त्या दिवशी सोबत करा. आपल्याला किती येतं, हे दुसऱ्याला सांगताना नीट कळतं.

६. उत्साह येण्याची वाट पाहू नका.
नको वाटेल त्या पहाटे बूट घालून फक्त दहा मिनिटं पळा. तरीही नको वाटलं तर खुशाल घरी परता. बहुतेक वेळा परतावंसं वाटत नाही, कारण पळण्याची गोडी पळतानाच परत येते. म्हणून उद्याच्या पहाटेचा गजर आजच लावा.