हाताला काम, हाती हिशेब

(महिला मंडळे व शब्बाथशाळेचे शिक्षक यांच्यासाठी अभ्यासपाठ)

वाचन : निर्गम ३५:२५-३५, नीतिसूत्रे ३१:१०-३१, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२, तीत २:३-५

मल्हारगंजात दुपारी दोन ते चार ही बायकांची वेळ. सकाळचा स्वयंपाक, डबे, धुणीभांडी आटोपलेली असतात आणि मुले शाळेतून यायची असतात. या दोन तासांत कोणी शेजारणीकडे ब्लाउजचे माप घेऊन जाते, कोणी लोकरीचे टाके मोजत बसते. उन्हाळा असला तर गच्चीवर कुरडया, सांडगे आणि पापड पसरलेले असतात. आपल्या आयाआज्यांनी हे सारे शिक्षण कोणत्याही वर्गात नाव घालून घेतले नाही. एकीचे पाहून दुसरी शिकली.

आता एकत्र कुटुंबे राहिली नाहीत. नव्या सुनेला शिकवायला घरात सासू नसते, आणि असली तरी सुनेला नोकरीतून सवड नसते. म्हणून गृहिणींसाठी शिवण, विणकाम, पाककृती आणि रोजच्या व्यवहारातील कामे शिकवणारा वर्ग सुरू करावा, अशी सूचना आपल्या महिला मंडळांत वरचेवर होते. सूचना चांगलीच आहे. परंतु असे वर्ग मोठ्या उत्साहाने सुरू होतात आणि वार्षिक प्रदर्शन झाले की बंद पडतात, हेही आपण पाहिले आहे. टेबलावर मांडलेले रुमाल आणि पिशव्या घरी परत जातात, कपाटात पडतात, आणि शिकलेली भगिनी पूर्वी होती तेथेच राहते. असे का होते? या पाठात आपण तीन प्रश्न घेऊन त्याचा विचार करू.

पहिला प्रश्न : वर्ग कोणाच्या सोयीने चालतो?

रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली वयाच्या अकराव्या वर्षी झाले. पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना शिकवायला घेतले. शिकण्यासाठी रात्रच मिळे. दिवसा घरकाम आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे असत. शिकणाऱ्या बाईला वेळ कोठून मिळतो आणि त्या वेळेची किंमत तिला कशी मोजावी लागते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. पुढे १९०९ साली पुण्यात त्यांनी आपल्याच वाड्यात सेवासदनाचे काम सुरू केले. तेथे प्रौढ स्त्रिया, विधवा आणि संसारात अडकलेल्या गृहिणी लिहावाचायला आणि शिवणकाम करायला शिकल्या. शुश्रूषेचे काम त्या काळी वरच्या जातींत हलके समजत. तरीही सेवासदनाच्या मुली ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या.

आपल्या वर्गाची वेळ ठरवताना हे लक्षात असावे. सायंकाळी सहाची वेळ शिकवणाऱ्या बाईंना सोयीची असेल, पण त्याच वेळी शिकणारीच्या घरी चूल पेटायची असते. शनिवार दुपार बरी वाटते, पण त्या दिवशी मुलांची शाळा लवकर सुटते. तान्हे मूल असणारीला मूल घेऊन येण्याची मोकळीक नसेल, तर ती येणार नाही, आणि न येण्याचे कारणही सांगणार नाही. म्हणून वर्ग सुरू करण्याआधी घरोघर जाऊन विचारावे. कोणत्या वेळी येता येईल आणि काय शिकायचे आहे, ही दोन्ही उत्तरे शिकणारीनेच द्यावीत. आपल्या गल्लीत हिंदी बोलणाऱ्या शेजारणीही आहेत. त्यांना दारातून परत जावे लागू नये. सुईला भाषा लागत नाही.

दुसरा प्रश्न : हिशेब कोणाच्या हाती असतो?

आमच्या मते वर्ग निष्फळ होण्याचे मोठे कारण येथे आहे. आपण हाताला शिकवतो, पण हिशेब शिकवत नाही. चकलीला काटा कसा येतो हे सांगतो. ती चकली विकली तर पदरात काय पडते हे सांगत नाही.

एक उदाहरण फळ्यावर मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. प्रत्येक वर्गाने आपल्या बाजारचे भाव घालावेत. समजा, दोन भगिनींनी पाच-पाच तास बसून ३ किलो चकली केली. भाजणी, तेल, तिखट-मीठ यांना ४२० रुपये लागले. गॅसचे ६० आणि पिशव्यांचे ३० रुपये. एकूण खर्च ५१० रुपये. अर्धा किलो चकली मोडली, ती घरच्या मुलांनी खाल्ली. विकण्याजोगी उरली अडीच किलो. किलोला २६० रुपये भाव मिळाला, म्हणजे हाती आले ६५० रुपये. खर्च वजा जाता १४० रुपये राहिले. दोघींचे मिळून दहा तास झाले, म्हणजे एका तासाला १४ रुपये!

भाव ऐकताना २६० रुपये चांगले वाटतात. हिशेब मांडल्यावर खरे काय ते कळते. हीच चकली ३६० रुपये किलोने गेली, तर ९०० रुपये येतात आणि तासाला ३९ रुपये पडतात. मोड कमी केली, तेल घाऊक आणले, तर आणखी काही वाचते. पण हे सगळे ज्या भगिनीला स्वतः मांडता येते, तिलाच भाव ठरवता येतो. जिला येत नाही, तिच्या कष्टाचा भाव दुकानदार ठरवतो.

याची साक्ष मुंबईत मिळते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी गच्चीवर पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्यातूनच श्री महिला गृह उद्योग म्हणजे लिज्जत पापड उभा राहिला. पापड लाटणे त्या बायकांना आधीपासून येत होते. ते कोणी नव्याने शिकवले नाही. त्यांनी देणगी घ्यायची नाही असे ठरवले, उसने पैसे फेडले, आणि लाटणारी प्रत्येक बाई धंद्याची भागीदार मानली. सकाळी भिजवलेले पीठ न्यायचे, घरी लाटायचे, वाळवून परत आणायचे, वजन करायचे आणि मजुरी घ्यायची, असा रिवाज पडला. घर सोडावे लागले नाही, आणि हिशेबही घराबाहेरच्या कोणाच्या मुठीत गेला नाही.

दुसरी साक्ष गिरणगावातली. तेथे गावाकडून एकटे आलेले कामगार खाणावळीत जेवत आणि त्यांच्यासाठी स्वयंपाक करणाऱ्या बाया किराणा उधारीवर आणत. जबर व्याजात त्यांची सारी कमाई जाई. हातात कसब होते, पण कर्जाचा दोर सावकाराकडे होता. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. बायकांनी गट करून एकमेकींची हमी दिली आणि बँकेतून कर्ज काढले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा गिरणगावातील घरोघरी पगार थांबला. अशा वेळी बाईच्या हातची कमाई म्हणजे हौस नसते, घराचा आधार असतो.

आपल्या इंदूरला हे वेगळे सांगायला नको. येथील हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचे पैसे मिळायला २०२३ सालचा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षे! आज कमाई सुरू असलेल्या घरांनीही हा आकडा मनात ठेवावा. गृहिणींचा वर्ग म्हणजे दुपारचा विरंगुळा, असे ज्यांना वाटते त्यांनी तर तो अवश्य ठेवावा. विरंगुळा वाईट नाही. एकट्या पडलेल्या भगिनीला चार जणींत बसायला मिळणे हेही मोठे काम आहे. पण एखादी भगिनी गरज म्हणून आली असेल, तर तिला रुमालावरचे फूल शिकवून परत पाठवणे बरे नव्हे.

नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील स्त्रीचे आपण पुष्कळ गुणगान करतो. ती पहाटे उठते, सूत कातते, घरच्यांना ऊबदार कपडे घालते, हे आपल्याला आठवते. परंतु ती शेत पाहून विकत घेते, वस्त्रे विकते, आपल्या व्यापाराचा लाभ ओळखते आणि गरिबाला हात देते, हेही त्याच अध्यायात आहे. ज्या हाताला खर्च करण्याचा अधिकार आहे, तोच हात दान देऊ शकतो.

तिसरा प्रश्न : उद्या कोण शिकवणार?

यापो येथील टबीथा म्हणजे दुर्कस वारली, तेव्हा विधवा रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेली वस्त्रे दाखवू लागल्या. तिच्या प्रेमाची ती साक्ष होती. तिने त्यांच्यापैकी कोणाला शिवायला शिकवले होते की नाही, हे तेथे सांगितलेले नाही. पण आपण स्वतःला विचारावे : आपल्या वर्गाच्या बाई उद्या दुसऱ्या गावी गेल्या, तर आपल्या हाती त्यांनी शिवलेले कपडे राहतील की सुई राहील? निर्गमात बसालेल व अहलियाब यांच्याविषयी वाचताना आपण त्यांच्या कारागिरीवर थांबतो. देवाने त्यांच्या मनात दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही घातली, असे तेथे पुढे लिहिले आहे.

पंडिता रमाबाईंच्या कार्यात हे स्पष्ट दिसते. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले, आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, जो भाग आज बहुतांशी आपल्या मध्य प्रदेशात आहे, आणि शेकडो निराधार मुली व विधवा त्यांनी सोबत आणल्या. या मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तेथे शिवण, विणकाम, स्वयंपाक, शेती, दूधदुभते, तेल गाळणे आणि छपाई अशी कामे चालली. मोठ्या मुली धाकट्यांना शिकवीत. रमाबाई १९२२ साली वारल्या. त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले, आणि ते मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच छापले. शिकवणारी गेल्यावरही काम थांबले नाही.

आपल्या शहरातही पाहण्यासारखे आहे. १९८५ साली बहाई प्रेरणेने इंदूरला बरली संस्था स्थापन झाली. झाबुआ, धार या भागांतील आदिवासी तरुणी तेथे काही महिने राहत, अक्षरे, कापड बेतणे व शिवणे, आरोग्य आणि पुढे सूर्यचुलीवरचा स्वयंपाक शिकत व आपापल्या गावी जाऊन इतरांना शिकवीत. झाबुआच्या गावांत तेव्हा नारूचा रोग होता. पाण्यातील बारीक जीवांतून तो पोटात जातो, आणि पाणी दाट कापडातून गाळून घेतले की टळतो. ही साधी गोष्ट घरोघर पोचवण्यात या मुलींचा वाटा होता. त्या कामासाठी संस्थेला १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा सन्मान मिळाला. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला. पाणी गाळणे हे रोजचेच काम. पण एकीने दुसरीला शिकवत नेल्याने एक रोग हटण्यास मदत झाली.

आपल्या मंडळीसाठी बारा आठवड्यांची आखणी

१. पहिला आठवडा केवळ विचारण्याचा. बारा ते पंधरा भगिनींची नावे, सोयीची वेळ आणि प्रत्येकीला येत असलेले एक काम लिहून घ्यावे.

२. दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात एकच कसब पुरे शिकवावे. उदाहरणार्थ, माप घेणे, कागदावर बेतणे, कापणे, शिवणे. दहा गोष्टी अर्ध्या शिकण्यापेक्षा एक पुरी यावी.

३. सहाव्या व सातव्या आठवड्यात हिशेब. प्रत्येकीने स्वतःच्या वहीत खर्च, वेळ, मोड आणि भाव मांडावा. लिहिता न येणारीने शेजारणीकडून मांडून घ्यावा, पण उत्तर तिने स्वतः सांगावे.

४. आठव्या आठवड्यात घरचा व्यवहार : बँकेचे खाते, गॅसची गळती ओळखणे, औषधावरील मुदतीची तारीख वाचणे, भाजल्यावर प्रथम थंड पाणी सोडणे.

५. नवव्या ते अकराव्या आठवड्यात शिकणाऱ्यांनीच शिकवावे. गोडा मसाला येणारीने तो दाखवावा, गोधडी येणारीने टाका दाखवावा. बाईंनी मागे बसावे.

६. बाराव्या आठवड्यात प्रदर्शन भरवावे. पण प्रत्येक वस्तूपुढे तिचा हिशेब लिहिलेला असावा, आणि पुढचा वर्ग कोण घेणार त्या दोन भगिनींची नावे त्याच दिवशी ठरावीत.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत यापूर्वी भरलेला एखादा वर्ग का बंद पडला? वेळ, हिशेब आणि पुढची शिक्षिका यांपैकी काय उणे पडले?

२. आपल्या घरातील गृहिणी दिवसाला किती तास काम करते? तिच्या नावावर बँकेत खाते आहे काय, आणि ते ती स्वतः चालवते काय?

३. शिवणकाम, स्वयंपाक आणि घरखर्चाचा हिशेब मुलांनी, म्हणजे मुलग्यांनीही, का शिकू नये?

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस सूचना : या आठवड्यात प्रत्येक मुलाने आपल्या आईला किंवा आजीला दोन गोष्टी विचाराव्यात. तुझ्या हाताला सर्वांत चांगले काय येते? आणि ते तुला कोणी शिकवले? पुढच्या रविवारी उत्तरे वर्गात वाचून दाखवावीत. ती नावे एका वहीत लिहून ठेवली, तर आपल्या वर्गाच्या पुढच्या शिक्षिका त्याच वहीत सापडतील.