अत्युच्च गिरिभ्रमणाचे पूर्वनियोजन : वैद्याची भूमिका

प्रास्ताविक

चामोर्शी हे गाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास उंचीवर, धानाच्या बांध्यांत वसलेले आहे. येथील वैद्याने हिमालयातील पदभ्रमणावर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु अलीकडे आमच्या भागातील शिक्षक, बँक कर्मचारी व महाविद्यालयीन तरुण मार्गदर्शकासह आयोजित केलेल्या हिमालयीन मोहिमांत जाऊ लागले आहेत. निघण्यापूर्वी त्यांतील अनेकजण आपल्याकडे येतात व विचारतात, "डॉक्टरसाहेब, दम लागू नये म्हणून काही द्या ना." या साध्या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर काय असावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करीत आहे.

मिशन शौर्यचा बोध

आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी, मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम, यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट शिखर सर केले. या यशाचे वर्णन करताना त्यांच्या उपजत धाडसाचा उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. मात्र वैद्याने त्यातील काळाकडे लक्ष द्यावे. 'मिशन शौर्य' या उपक्रमाचे प्रशिक्षण ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झाले. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि लेह-लडाख येथे ते दिले गेले. म्हणजे सुमारे नऊ महिने, सपाटीकडून डोंगराकडे व डोंगराकडून हिमप्रदेशाकडे असा हा क्रम होता. अहितकर सवय सोडताना व हितकर सवय अंगी बाणवताना पादांशाने, क्रमाक्रमाने जावे, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे. देशसात्म्य बदलतानाही हेच तत्त्व लागू पडते.

उंचीवर काय घडते?

हवेतील प्राणवायूचे प्रमाण उंचीवरही सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. ३५०० मीटरवर, म्हणजे लेह शहराच्या उंचीवर, तो समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के राहतो, तर ५५०० मीटरच्या सुमारास निम्मा होतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात शरीराला मिळणारा प्राणवायू घटतो. श्वसनाची गती वाढवणे, वृक्कांद्वारे रक्तातील आम्ल-क्षार संतुलन राखणे, रक्तकण वाढवणे अशा उपायांनी शरीर जुळवून घेते. या प्रक्रियेला दिवस लागतात, काही बाबींना आठवडेही लागतात.

साधारणतः २५०० मीटरच्या वर उंचीजन्य विकार संभवतो. शिरःशूल, हृल्लास, छर्दि, अरुची, क्लम, भ्रम व निद्रानाश ही त्याची लक्षणे होत. त्याचे दोन प्राणघातक प्रकार आहेत : मेंदूला सूज येणे व फुप्फुसात पाणी होणे. आपल्या संहितांत हा विकार स्वतंत्र व्याधी म्हणून वर्णिलेला नाही. अतिव्यायामाने होणाऱ्या विकारांच्या यादीत श्रम, क्लम, तृष्णा, प्रतमक, कास व छर्दि येतात. परंतु तेवढ्या साम्यावरून 'हा वातप्रकोप आहे, तैल लावा' असे म्हणून मोकळे होणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी तालुक्यातील पंचविशीचा एक तरुण माझ्याकडे आला होता. शरीर पिळदार, रोजचे धावणे, कोणतीही तक्रार नाही. नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, अश्वगंधा व च्यवनप्राश दिला आणि "बिनधास्त जा" असे सांगितले. साडेतीन हजार मीटरच्या वरच्या मुक्कामी त्याला डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना सुरू झाल्या. मार्गदर्शकाने वेळीच खाली उतरवले म्हणून तो वाचला. रुग्णालयात प्लीहेच्या एका भागाचा रक्तपुरवठा खंडित झाल्याचे निष्पन्न झाले, आणि पुढील तपासणीत तो सिकलसेलचा वाहक असल्याचे कळले. ज्या जिल्ह्यात सिकलसेल घरोघरी परिचित आहे, तेथे मी त्याला ही एक तपासणी विचारली नव्हती. ही चूक माझीच होती. इतरांनी ती करू नये म्हणून येथे नमूद करीत आहे.

पूर्वपरीक्षण

१) सिकलसेल : गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यातील प्रत्येक इच्छुकाची ही तपासणी अनिवार्य समजावी. विद्राव्यता चाचणी सकारात्मक आली तर ती वाहक व रुग्ण यांत भेद करीत नाही, म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम निश्चायक तपासणी करावी. रुग्णास अत्युच्च भ्रमणाची अनुमती देऊ नये. वाहकाला धोका कमी असला तरी तो शून्य नाही. त्याला स्पष्ट कल्पना द्यावी, अतिश्रम व पाण्याची कमतरता टाळण्यास सांगावे आणि डाव्या कुक्षीत वेदना झाल्यास तत्काळ खाली उतरण्याची सूचना लेखी द्यावी.

२) पांडु : विशेषतः स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन अवश्य पाहावे. अल्परक्त व्यक्तीने प्रथम पांडुचिकित्सा पूर्ण करावी, मोहीम पुढील हंगामात करावी.

३) हृद्रोग, अनियंत्रित रक्तदाब, तमकश्वास, मधुमेह, अपस्मार, गर्भावस्था : असे असल्यास संबंधित तज्ज्ञाच्या लेखी मताशिवाय अनुमती देऊ नये.

४) पूर्वेतिहास : पूर्वी उंचीवर त्रास झाला असल्यास तो पुन्हा होण्याची शक्यता अधिक असते.

५) दशविध परीक्षण : सार, संहनन, सात्म्य, आहारशक्ती व व्यायामशक्ती यांचा विचार करावाच, पण सत्त्वपरीक्षणास विशेष महत्त्व द्यावे. अल्पसत्त्व व्यक्ती घाबरते, तर फाजील आत्मविश्वासाची व्यक्ती लक्षणे लपवते. माझ्या मते दुसरी अधिक धोकादायक. उत्तम शरीरबल उंचीजन्य विकारापासून संरक्षण देत नाही, हे तरुणांना वारंवार सांगावे लागते.

पूर्वाभ्यास

किमान आठ ते दहा आठवडे द्यावेत. ललाट व कक्षा येथे घाम, मुखशोष, श्वासगती वाढणे ही अर्धशक्तीची लक्षणे आपण शिकलो आहोत. तेथपर्यंत व्यायाम करून क्रमाने मर्यादा वाढवावी. आमच्याकडे चढ नाही ही अडचण खरी आहे. त्यावर जिन्याच्या पायऱ्या, तलावाची पाळ, पाठीवर क्रमशः वाढवलेले वजन हे उपाय आहेत. नवे बूट याच काळात पायात रुळवावेत. निघण्याच्या तोंडावर वमन-विरेचनादी शोधन करू नये. बलक्षय व द्रवक्षय घेऊन पर्वत चढणे अहितकर होय.

मार्गक्रमाची तपासणी

आयोजकाचे माहितीपत्रक वैद्याने स्वतः वाचावे. शिखराची उंची दुय्यम समजावी. प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची पाहावी. ३००० मीटरच्या वर एका रात्रीत मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये व दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस असावा, असा संकेत आहे. उदाहरणार्थ, एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या मार्गावर नामचे ३४४०, तेंगबोचे ३८६०, दिंगबोचे ४४१०, लोबुचे ४९४० व गोरक्षेप ५१६४ मीटर असे मुक्काम असतात. त्यात नामचे व दिंगबोचे येथे एकेक जादा दिवस ठेवतात, कारण तेथवर येताना चढ मोठा झालेला असतो. हा जादा दिवस वगळून मोहीम स्वस्त करणारा आयोजक टाळावा. विमानाने लेहला उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस विश्रांतीच घ्यावी.

आयोजकास पुढील प्रश्न विचारावेत : राखीव दिवस आहे काय? प्राणवायूची नळकांडी व रक्तातील प्राणवायू मोजण्याचे यंत्र सोबत असते काय? एका सदस्याला उतरवावे लागल्यास सोबत कोण जाईल? जवळचे रुग्णालय किती तासांवर आहे?

आहार, विहार व औषधी

उंचीवर अग्निमांद्य स्वाभाविक असते. म्हणून उष्ण, लघु, द्रवप्राय व वारंवार आहार द्यावा : तांदळाची पेज, मुगाची खिचडी, सुंठयुक्त कढण. रात्री थंडीत बाहेर पडावे लागू नये म्हणून अनेकजण पाणी कमी पितात व मूत्रवेग धारण करतात; हे दोन्ही टाळावे. मद्य व निद्राकर द्रव्ये वर्ज्य, कारण ती निद्रेतील श्वसन मंदावू शकतात.

च्यवनप्राश, अश्वगंधा आदी रसायने पूर्वाभ्यासाच्या काळात प्रकृतीनुसार अवश्य द्यावीत. मात्र कोणतेही रसायन जुळवून घेण्याच्या दिवसांना पर्याय नाही, हे रुग्णास निःसंदिग्धपणे सांगावे. ॲसिटाझोलामाइड हे आधुनिक औषध प्रतिबंधासाठी वापरतात. त्याचा निर्णय तज्ज्ञाने घ्यावा. ते घेणाऱ्यास यष्टीमधु दीर्घकाळ देऊ नये, कारण दोन्हींनी रक्तातील पोटॅशियम घटू शकते. प्रवासात नवे औषध प्रथमच सुरू करू नये.

रुग्णाच्या खिशात द्यावयाच्या सूचना

१) उंचीवर डोके दुखू लागले तर अन्य कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच विकार समजावा.
२) लक्षणे असताना पुढे चढू नये.
३) लक्षणे वाढत असल्यास, रात्र असली तरी, खाली उतरावे.
४) सरळ रेषेत टाचेला बोटे लावून चालता न येणे, बरळणे, अथवा बसल्या जागी दम लागणे ही संकटाची लक्षणे होत. अशा वेळी त्वरित उतरणे हीच मुख्य चिकित्सा. प्राणवायू व औषधे तिला साहाय्यक आहेत.
५) आजारी सदस्यास कधीही एकटे सोडू नये, एकटे उतरवू नये.

सारांश

वैद्याचे काम औषधाची पुडी देऊन संपत नाही. योग्य व्यक्तीला, योग्य काळात, योग्य क्रमाने वर पाठवणे आणि अयोग्य व्यक्तीला प्रेमाने थांबवणे, हेही स्वास्थ्यरक्षणच आहे. वर उल्लेखिलेला तो तरुण आज शेती सांभाळतो, तलावाच्या पाळीवर रोज धावतो. आता डोंगरावर जाण्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला नाडी पाहण्याआधी मी एकच विचारतो, "सिकलसेलची तपासणी झाली आहे का?" आपणही हा प्रश्न आपल्या रुग्णपत्रिकेत समाविष्ट करावा, ही विनंती.