जुने गेम नव्या विंडोजवर: खर्च किती, फसगत कुठे

डेव्ह, प्रिन्स ऑफ पर्शिया, आयजीआय, व्हाइस सिटी, एज ऑफ एम्पायर्स. यातला एखादा गेम विंडोज 11 वर उघडत नाही म्हणून धावड्याहून कॉम्प्युटर उचलून भोकरदन किंवा जालना गाठायच्या बेतात असाल, तर आधी हे वाचा. बहुतेक वेळा हे काम घरीच होतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. कागदपत्रं कुठलीच नकोत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचं नेट पुरतं.

आधी गेम कोणत्या काळातला आहे ते बघा. उपाय त्यावरच ठरतो.

डेव्ह आणि प्रिन्स हे डॉसचे गेम, 1990 च्या आसपासचे. ते उघडायला गेलात की ‘धिस अ‍ॅप कान्ट रन ऑन युअर पीसी’ अशी पाटी येते. कॉम्प्युटर बिघडलेला नाही. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये मिळते आणि तिच्यात 16 बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत. म्हणून फॉरमॅट मारून, रॅम वाढवून काही होणार नाही. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम त्याच्या स्वतःच्या साइटवरून उतरवून घ्या. फुकट आहे, दोन एमबीसुद्धा नाही. बसवला की डेस्कटॉपवर त्याचं चिन्ह येतं. गेमच्या फोल्डरमधली ईएक्सई फाइल माउसने ओढून त्या चिन्हावर सोडा, गेम सुरू. फार पळत असेल तर कंट्रोल आणि एफ 11 दाबून वेग कमी करा, रेंगाळत असेल तर कंट्रोल आणि एफ 12. पूर्ण पडद्यासाठी ऑल्ट आणि एंटर. माउस आत अडकला तर कंट्रोल आणि एफ 10. सगळं मिळून अर्धा तास धरा.

1997 ते 2005 च्या दरम्यानचे विंडोजचे गेम थोडे हट्टी आहेत. इथे पायऱ्या क्रमाने करा आणि गेम चालला की तिथेच थांबा. पहिली पायरी: गेमच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे विंडोज एक्सपी निवडा आणि ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’वर टिक करा. दुसरी: कंट्रोल पॅनलमध्ये ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडा, लेगसी कंपोनंट्सखालचं डायरेक्टप्ले चालू करा. तिसरी: ‘डी3डीएक्स9’ने सुरू होणारी डीएलएल फाइल सापडत नाही असा संदेश आला, तर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून डायरेक्टएक्सचं जून 2010 चं पॅकेज घ्या. शंभर एमबीच्या आत आहे, फुकट आहे. सुटी डीएलएल देणाऱ्या साइटवर जाऊ नका. व्हायरस घरात येतो तो याच वाटेने.

एवढ्यावर भागलं नाही तर गेमनुसार औषध आहे. एज ऑफ एम्पायर्सचे रंग विस्कटले तर सीएनसी-डीड्रॉ. आयजीआयसारख्या जुन्या थ्रीडी गेमचं चित्र बिघडलं तर डीजीव्हूडू 2. व्हाइस सिटीत माउस हलेना तर सायलेंटपॅच. हे तिन्ही छोटे प्रोग्रॅम फुकट. यांचेही पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करा.

तुमच्याकडे गेमची मूळ सीडी असेल तर बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह घेण्याआधी थांबा. त्याला साधारण दीड ते अडीच हजार रुपये पडतात आणि ते वाया जाऊ शकतात. त्या काळातल्या बऱ्याच सीडींवर सेफडिस्क नावाचं कुलूप होतं. 2015 मध्ये विंडोज 10 आली तेव्हापासून मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणाने ते चालवणं बंद केलं. सीडी अस्सल, ड्राइव्ह नवा, तरी गेम उघडणार नाही. आधी कुणाचा तरी ड्राइव्ह मागून आणा, सीडी लावून बघा, मगच खरेदी करा.

अशा वेळी गेम पुन्हा विकत घेणं स्वस्त पडतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात किंमत रुपयांत असते, यूपीआय चालतं, खात्याला ईमेल पुरतो. विकत घेऊन 14 दिवस झाले नसतील आणि खेळणं दोन तासांच्या आत असेल, तर पैसे परत मागता येतात. उन्हाळ्यातल्या आणि डिसेंबरातल्या सेलची वाट बघा, किमती चांगल्याच उतरतात. आयजीआय जीओजी या अशाच दुसऱ्या दुकानात मिळतो. तिथे किंमत डॉलरमध्ये दिसली, तर कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असावे लागतील आणि बँक परकीय चलनाचा आकार वेगळा लावेल.

सगळ्यात लपलेला खर्च डेटाचा. एज ऑफ एम्पायर्स 2 ची 2019 ची नवी डेफिनिटिव्ह आवृत्ती 30 जीबीच्या वर जाते. रोज दीड-दोन जीबीच्या पॅकवर ती पंधरवड्यात आटोपली तरी नशीब. ब्रॉडबँड असलेल्या नातेवाइकाकडे उतरवा. मध्ये लाइट गेली तरी हरकत नाही, स्टीम राहिलेलं पुढे चालू करतं.

एवढं करूनही दुकानात जायचंच असेल, तर आधी फोटो आणि सातबारा-बँकेच्या फाइल पेनड्राइव्हवर घ्या. फॉरमॅट करून विंडोज टाकायचे बरेच जण पाचशे ते हजार घेतात, पण ती विंडोज अस्सल असतेच असं नाही. विंडोज 11 होमचा अस्सल परवाना सुमारे दहा हजारांचा. तीन-चारशेत मिळणारी ‘लाइफटाइम की’ कधी बंद पडेल याचा भरवसा नाही. क्रॅक केलेला गेम चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं, तर ते काम तिथेच थांबवा. ज्या कॉम्प्युटरवरून पीक विमा भरता, बँकेत लॉगिन करता, त्यावर हा धोका नको.

घरात एक्सपीचा जुना डबा पडून असेल तर भंगारात देऊ नका. जुन्या विंडोज गेमसाठी त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. फक्त त्याला नेट जोडू नका. एक्सपीची सुरक्षा अपडेट्स एप्रिल 2014 मध्येच थांबली.

दुकानात कॉम्प्युटर ठेवताना पावती घ्या, काम आणि रक्कम आधी लिहून घ्या, आधारची झेरॉक्स देऊ नका. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक फिरवा. तिथे निभावलं नाही तर जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पावती मात्र लागेल.