पात्राचा वर्ग आणि सोबतचा प्राणी : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधून काय घेता येईल?

शिक्षक आणि पालक मित्रहो, मोठ्या मुलांच्या तोंडी 'डी अँड डी' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. एखादी गोष्ट जमेल की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

यात 'वर्ग' म्हणजे इयत्ता नव्हे, पात्राचा पेशा! सुरुवातीला तीनच वर्ग होते : लढवय्या, जादूगार आणि पुजारी. रानवाटा जाणणारा रेंजर वगैरे नंतर आले. सगळं काही येणारा वर्ग एकही नाही, म्हणून गट लागतो. गटकार्यात एकच हुशार मूल सगळं करून टाकतं, त्यावर हा चांगला उतारा आहे.

पण मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते सोबतच्या प्राण्यांचे नियम. २०१४ च्या नियमावलीतला जादूगार बघा. तो तासभर विधी करतो, दहा सोन्याच्या नाण्यांचा कोळसा, धूप आणि वनस्पती जाळतो. मग घुबड, मांजर किंवा बेडकाच्या रूपात एक आत्मा येतो. तो हल्ला करत नाही, टेहळणी करतो. मारला गेला तर नाहीसा होतो. पुन्हा दहा नाणी खर्च केली की पुन्हा हजर.

रेंजरचं तसं नाही. प्राण्यांचा मार्ग निवडला तर तिसऱ्या पातळीला त्याला खराखुरा प्राणी मिळतो, समजा लांडगा. लांडग्याने हल्ला करावा असं वाटत असेल तर रेंजरला आपल्या पाळीतली कृती त्यासाठी द्यावी लागते. लांडगा मेला तर मेला. दुसऱ्या प्राण्याशी आठ तास घालवून नातं जोडता येतं, पण तो दुसरा असतो.

पुष्कळ खेळाडूंना हा रेंजर दुबळा वाटायचा. २०२० च्या पुस्तकात पर्यायी नियम आले : आज्ञा देणं स्वस्त झालं आणि तासाभरात मंत्रशक्ती खर्चून मेलेला प्राणी परत उठवता येऊ लागला. खेळ म्हणून हे बरंच झालं. शिकवायला मात्र मी जुनाच नियम घेईन.

पाचवीच्या गणितालाही तो उपयोगी आहे. प्राण्याचे जीवनगुण म्हणजे त्याचे मूळ गुण किंवा रेंजरच्या पातळीची चौपट, यातलं जे जास्त असेल ते. लांडग्याचे मूळ गुण ११. तिसऱ्या पातळीला चौपट १२, म्हणजे १२ धरायचे. पाचवीला २०. ३० गुणांसाठी कितवी पातळी लागेल? मुलं साडेसात म्हणतील, तिथे थांबून चर्चा करा. अर्धी पातळी नसते ना!

भाषेच्या तासाला प्रश्न द्या : घुबड हवं की लांडगा, आणि का? बरीच मुलं घुबड घेतील, कारण ते परत येतं. त्यांना चूक म्हणू नका, फक्त 'मग लांडगा घेणाऱ्याने काय विचार केला असेल?' एवढं विचारा.

पालकांनो, घरी कुत्र्याच्या पिल्लाचा हट्ट चालू असेल तर हाच खेळ कागदावर मांडा. पिल्लाला सकाळी फिरवून आणायला कोण आपली कोणती 'पाळी' देणार? झोपेतली, खेळातली की मोबाईलमधली? वारांप्रमाणे तक्ता मुलालाच भरू द्या. रविवारचा रकाना रिकामा राहिला तर बोलणं तिथून सुरू करा.