चित्र एका ओळीत, पण जोडणी?

कागद-पेन्सिल घ्या आणि एका ओळीत क, ख, ग, घ असे चार बिंदू काढा. क-ख मध्ये ६० ओहमचा, ख-ग मध्ये ३० ओहमचा आणि ग-घ मध्ये २० ओहमचा रोध दाखवा. आता एक जाड तांब्याची तार वरच्या बाजूने क पासून ग पर्यंत न्या आणि दुसरी खालून ख पासून घ पर्यंत. क आणि घ ही टोके ६ व्होल्टच्या बॅटरीला जोडली, तर बॅटरीतून किती विद्युतधारा वाहील?

पुष्कळजण लगेच ६० + ३० + २० = ११० ओहम अशी बेरीज करतात. रोध एका ओळीत दिसतात ना! पण एकसर जोडणीची खूण ओळ ही नव्हे. दोन रोधांमधल्या बिंदूपाशी धारेला दुसरी वाट नसेल, तरच ते एकसर. येथे ख पाशीही एक तार निघते आणि ग पाशीही.

मग करायचे काय? जाड तारेचा रोध जवळजवळ शून्य, म्हणून तिच्या दोन टोकांत विभवांतर नाही असे धरा. तेव्हा ग म्हणजे क च आणि घ म्हणजे ख च. चित्रात ग खोडून क लिहा, घ खोडून ख लिहा. आता पाहा : पहिला रोध क-ख, दुसरा ख-क, तिसरा क-ख! तिन्ही त्याच दोन बिंदूंमध्ये आहेत, म्हणजे जोडणी समांतर.

१/रो = १/६० + १/३० + १/२० = ६/६० = १/१०

म्हणून परिणामी रोध १० ओहम. (येथे १/१० लाच उत्तर समजून थांबणारे दरवर्षी भेटतात!) समांतर जोडणीत परिणामी रोध सर्वांत लहान रोधाहूनही कमी यायला हवा, १० हा २० पेक्षा कमी आहे, ठीक. धारा ६ ÷ १० = ०.६ अँपिअर. पडताळा घ्या : तिन्ही रोधांतून अनुक्रमे ०.१, ०.२ आणि ०.३ अँपिअर, बेरीज ०.६. अकरा दशके ओहम धरणाऱ्याला मात्र ०.०६ अँपिअरहूनही कमी धारा मिळाली असती.

आता ख-घ ही तार काढून टाका, क-ग राहू द्या. धारा ०.३ अँपिअर होते. ६० आणि ३० ओहमच्या रोधांचे काय झाले, ते बिंदूंची नावे पुन्हा लिहून शोधा.